हत्तीचं हलकं घर

आमच्या गल्लीत हत्ती म्हटलं की एकच माणूस. अंगानं काडीपैलवान, जोराचा वारा सुटला तर दाराची कडी धरून उभा राहील असा. पण सुतार, आणि त्याची कपाटं अशी की एकदा घरात ठेवली की घर हलेल, कपाट हलायचं नाही. हमाल त्याच्या दुकानासमोर आले की पलीकडच्या कडेनं जायचे, न जाणो हाक मारली तर! एकदा चौघांनी त्याचं कपाट तिसऱ्या मजल्यावर चढवायला घेतलं आणि दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात ते खाली ठेवून सरळ बसले. म्हणाले, आता हे इथल्याच बिऱ्हाडाला विका. दुसऱ्या कुणाला लाज वाटली असती. हत्ती मला म्हणाला, "बघितलंस? याला म्हणतात काम."

मी वेल्डर. माझी शेड आणि त्याचं दुकान यांच्यात एकच भिंत. माझ्या ठिणग्या त्याच्या भुशात जातात म्हणून तो माझ्यावर ओरडतो, त्याचा भुसा माझ्या चहात पडतो म्हणून मी त्याच्यावर. एखाद्या दिवशी आमचं भांडण झालं नाही तर शेजारीपाजारी विचारायला येतात, कोण आजारी आहे म्हणून. तो मला लोखंड्या म्हणतो. म्हणेना का!

त्याचं सगळं तत्त्वज्ञान एका वाक्याचं. हलकं ते खोटं. फळी असो, दार असो, माणूस असो, हाताला ओढ लागली पाहिजे. बाजारातल्या तयार कपाटाला तो बोटानं ढकलायचा, ते हललं की मला डोळा मारायचा. वहिनी, म्हणजे त्याची बायको, दुकानाच्या दारात बसून वेताच्या खुर्च्या विणायची. तिचा हात असा चालायचा की बघत राहावं. पण हत्तीच्या लेखी वेत म्हणजे गवत. "गवत विणतेस, गवत," असं तो चिडवायचा, आणि वहिनी मान वर न करता म्हणायची, "त्या गवतावर बसूनच बोलताय ना?"

त्यांना एकच मुलगी. लहानपणी माझ्याच शेडमध्ये खेळून मोठी झालेली. तिला लाकडाचा नाद लागला नाही, वेताचा लागला नाही, ती बसली क्रेनवर. पूल बांधणाऱ्या एका कंपनीत क्रेन चालवते. एवढे मोठाले गर्डर उचलून असे ठेवते की खाली उभ्या असलेल्या माणसानं हातातला चहा सांडू नये. मी जाऊन बघितलंय. माझी छाती फुगली, मग तिच्या बापाची काय झाली असेल! तिचा नवरा त्याच कामावर इलेक्ट्रिशियन. दोघांच्या पाळ्या उलटसुलट.

पूल एका जागी उभा राहतो, पण बांधणाऱ्यांना एका जागी बसता येत नाही. हा झाला की पुढचा. राहायला पत्र्याच्या खोल्या, एकेका खोलीत बाकड्यांसारखे पलंग, बायकांची खोली वेगळी, पुरुषांची वेगळी. दोघं होती तोवर चाललं. मग पोर झालं. मुलगी झाली, गोड, गुबगुबीत, आणि घोडं तिथंच अडलं. तान्ह्या बाळाला घेऊन त्या खोलीत राहायची परवानगी नव्हती, आणि असती तरी तिथं कोण ठेवणार? जवळपास भाड्यानं घर घ्यावं तर नवं काम नदीच्या मधल्या बेटावर, आसपास वस्तीच नाही.

साइटवरच्या इंजिनियरबाई चांगल्या होत्या. त्या म्हणाल्या, "जागा देते, पाण्याचा नळ देते, विजेचं कनेक्शन देते. घर नाही माझ्याकडे. घर तुम्ही घेऊन या." आणि दुसरीही गोष्ट म्हणाल्या. बेटावर जायचा तात्पुरता लोखंडी पूल आहे. गाडीच्या मागे जे काही ओढून आणाल ते तीन टनांच्या आत पाहिजे. आणि काम सुरू व्हायच्या दिवशी हजर नसशील तर क्रेन दुसऱ्याला द्यावी लागेल, माझा नाइलाज आहे.

मुलगी बाळंतपणाला माहेरी होती. तिनं हे जेवताना सांगितलं, हसत सांगितलं, पण डोळे हसत नव्हते. म्हणाली, "घर काय खिशात घालून नेणार? सोडते मी काम. होईल काहीतरी."

हत्तीचा घास हातातच राहिला. म्हणाला, "कोण सोडतंय काम? तिथं बसायला तू किती वर्षं घालवलीस माहीत आहे मला. खिशात नाही मावणार. चाकांवर मावेल."

असं ते सुरू झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्या शेडच्या फरशीवर खडू घेऊन रांगत होता. माझी फरशी, माझा खडू! इथं पलंग, इथं ओटा, इथं बाळाला अंघोळ घालायची जागा, इथं दार. वहिनीला त्यात उभं केलं आणि भाकरी थापल्यासारखे हात करायला लावले, कोपर कुठं लागतं ते बघायला. बाळाला बघायला आलेल्या जावयाला झोपवून डोक्यापासून पायापर्यंत खडू ओढला. जावई बिचारा गप्प पडून राहिला, सासऱ्यापुढे काय बोलणार! त्या खडूच्या घरात आम्ही सगळे चालून आलो, आणि शपथेवर सांगतो, ते घर मला तेव्हाच दिसायला लागलं होतं. मांडणी करावी तर हत्तीनंच. एक इंच वाया नाही. पायऱ्यांच्या पोटात चपला, बाकाच्या पोटात भांडी, पलंगाच्या पोटात गाद्या.

खालचा सांगाडा, चाकं, जोडणी माझ्याकडे. मी विचारलं, "वजन किती होईल रे?"

"घर आहे," तो म्हणाला, "घरासारखं होईल."

मी कपाळावर हात मारून घेतला, पण म्हटलं, शहाणा माणूस आहे, तीन टन ऐकलंय त्यानं. कसलं काय! पालथ्या घड्यावर पाणी. लेकीचं घर म्हटल्यावर हत्तीतला हत्ती आणखी मोठा झाला. खांब सागवानी, मुठीत न मावणारे. दाराची फळी इतकी जाड की ते दार तुरुंगाला चाललं असतं. ओटा तर अख्ख्या ओंडक्यातून कापलेला. सुंदर होतं सगळं, वादच नाही. सांधे असे बसलेले की नख शिरायचं नाही. गल्लीतले लोक संध्याकाळी बघायला यायचे आणि हत्ती दाराशी उभा राहून प्रत्येकाला एकच सांगायचा, "ढकलून बघा."

घर उभं झालं तेव्हा मी माझा टेम्पो जोडला. सगळी गल्ली जमलेली. सपाट रस्त्यावर टेम्पोनं कण्हत कण्हत ओढलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग शाळेपाशी चढ लागला. तो काय चढ आहे? पोरं सायकलवरून हात सोडून चढतात. टेम्पो अर्ध्यात थांबला, मागची चाकं गरागरा फिरली, धूर निघाला, आणि मी, टेम्पो, घर, सगळे हळूहळू उलटे खाली यायला लागलो. ब्रेक दाबून दाबून माझा पाय गळून गेला. शेवटी शाळेच्या भिंतीला मागून टेकलो म्हणून वाचलो. भिंतीला तडा गेला. घराला ओरखडा नाही, आणि हत्तीला त्याचंच कौतुक!

"बघितलंस?" तो म्हणाला. "भिंत फुटली."

माझं डोकं फिरलं. भर रस्त्यात मी त्याला नाही नाही ते बोललो. म्हटलं, तू घर नाही बांधलंस, किल्ला बांधलास. लाकडाच्या वखारीतल्या काट्यावर नेऊन तोललं, तर जवळजवळ पाच टन. काटेवाल्यानं दोनदा बघितलं. हत्ती घरामागून चालत गल्लीत परत आला. लेकीनं आत जाऊन एकेका फळीवरून हात फिरवला, बाहेर आली आणि बापाचा हात धरून म्हणाली, "बाबा, इतकं सुंदर घर मी बघितलं नाही. पण हे पुलावर नाही जायचं. जाऊ द्या आता. मी कळवते त्यांना."

मी उभा होतो तिथंच. हत्तीचं तोंड मला बघवलं नाही.

त्यानंतर चार-पाच दिवस पलीकडून रंधा नाही, करवत नाही. भिंतीला कान लावून मी बसायचो, काय करणार? भांडायला माणूस नाही म्हटल्यावर माझंही काम होईना. मग एका सकाळी आवाज आला, पण तो बांधायचा नव्हता, उचकटायचा होता. मी धावत गेलो. हत्ती स्वतःच्या हातानं ते तुरुंगाचं दार बिजागऱ्यांतून काढत होता.

"लोखंड्या, बघत काय बसलास? धर इकडून."

"काय करतोस?"

"घरातले आळशी शोधतोय," तो म्हणाला. आणि मग ती मजा सुरू झाली. प्रत्येक लाकडावर तो बोटाच्या पेरानं टकटक करायचा आणि मोठ्यानं विचारायचा, "तू काय काम करतोस?" खांबानं छप्पर पेललं असेल तर राहायचा. नुसता उभा असेल तर बाहेर. जो खांब काम करतोय पण अंगानं जास्त आहे त्याला तासून पोटात खोबणी. जाड फळ्यांच्या जागी चौकटी आणि त्यांत पातळ फळ्या. छपराला त्यानं लाकडाच्या पातळ पट्ट्या वाफेवर धरून वाकवल्या, एकीवर एक चिकटवल्या, आणि अशी कमान केली की बोटानं उचलावी पण वर मी उभा राहिलो तरी कुरकुरली नाही. मी मुद्दाम नाचूनसुद्धा बघितलं. तीस वर्षं ज्याला खोटं म्हटलं ते तो या वयात शिकत होता, तेही दात-ओठ खात, स्वतःलाच शिव्या देत. सुंभ जळतो पण पीळ जात नाही म्हणतात. याचा पीळ मी माझ्या डोळ्यांनी सुटताना बघितला, आणि त्याला किती दुखत होतं तेही बघितलं.

तरी वजन उतरेना. कपाटांची दारं, पलंगाचा तळ, मधला पडदा, हे कशाचं करायचं? आम्ही दोघं बाजारभर फिरलो, हे पुठ्ठ्यासारखं, ते प्लास्टिक, हत्तीला एकही पसंत पडेना. घामाघूम होऊन दुकानात परत आलो तर वहिनी दारात बसून खुर्ची विणतेय. काखेत कळसा आणि गावाला वळसा! हत्ती उभाच राहिला. मग घसा खाकरून म्हणाला, "अगं, ते... तुझं ते वेताचं..."

"गवत?" वहिनी म्हणाली.

मी तोंड फिरवून हसलो. हत्तीनं मान खाली घातली आणि म्हणाला, "घे बाई, काय म्हणायचं ते म्हणून घे. पण करून दे."

वहिनीनं करून दिलं. आणि करता करता माझ्याकडे बघून म्हणाली, "भावजी, सगळा दोष आमच्या लाकडाला. तुमचा खालचा सांगाडा काय पिसांचा आहे?" तो सांगाडा मी ट्रकला पुरेल असा केला होता, मजबूत असावा म्हणून. मी बरंच काही बोललो. आवाजही चढवला. वहिनी विणत राहिली. शेवटी दुसऱ्या दिवशी कटर काढला आणि निम्मं लोखंड कापून टाकलं. नंतर चार कोपऱ्यांना चार जाड कड्या तेवढ्या जोडल्या, कधी उचलायची वेळ आली तर असाव्यात म्हणून. तिथं मी कुणाचं ऐकलं नाही.

वखारीच्या काट्यावर या खेपेला तीन टनांच्या आत आलं. जेमतेम, काठावर, पण आत. हत्तीनं घराला बोटानं ढकललं. ते किंचित डुललं. त्यानं माझ्याकडे बघितलं, मी म्हटलं, आता हा रडतो की काय! पण तो म्हणाला, "चल, निघायची तयारी कर."

काम सुरू व्हायच्या दिवशी सकाळी आम्ही नदीवर पोचलो. शाळेचा चढ टेम्पो गात गात चढला होता. जावई आणि वहिनी बाळाला घेऊन माझ्याशेजारी, हत्ती मागे हौद्यात, मुलगी आधीच पुढे गेलेली. नदीकाठी ट्रक, गर्डर, सिमेंट, माणसांची ही गर्दी. त्या गर्दीत एक माणूस हेल्मेट काखेत धरून एका बाजूला उभा होता. मुलगी हळूच म्हणाली, "काका, हा दुसरा क्रेनवाला. मी नाही राहिले तर हा." बरा माणूस होता, चेहऱ्यावरून कळत होतं. पण मला त्याचा असा राग आला!

इंजिनियरबाईंनी घराला एक फेरी मारली, वाकून चाकं बघितली, आत डोकावल्या आणि खूश झाल्या. पण म्हणाल्या, "तुमच्या वखारीचा काटा मला चालणार नाही. पूल माझा आहे, त्यावर माणसं असतात. इथं तोलायला लागेल." तिथं काटा कुठला? मग त्या मुलीकडे वळल्या. "क्रेनमध्ये वजन दिसतंच. क्रेन तुझी, घरही तुझं. उचल."

माझ्या कड्या! त्या चार कड्यांवर सगळं घर लटकणार. पट्टे अडकवले, माणसं मागे सरली. मुलगी शिडीवरून सरसर वर चढली, काचेमागे बसली, आणि आवाजसुद्धा न करता दोर ताणला गेला. घर जरासं डुललं आणि जमिनीवरून सुटलं. एक वीत. मग हातभर. अरे, काय दिसत होतं ते! कमानीचं छप्पर, वेताची दारं, चार खिडक्या, सगळं अधांतरी, आणि कुठं कुरकूर नाही. काम थांबवून माणसं बघत होती. कड्या धरून होत्या. मी मिशीला पीळ द्यायला हात वर नेला, आणि तेवढ्यात केबिनमधून तिचा आवाज आला.

"तीन टन साठ किलो!"

इंजिनियरबाईंनी मान हलवली. तो हेल्मेटवाला एक पाऊल पुढे आला. वहिनीनं बाळाला घट्ट धरलं. मी म्हटलं शक्यच नाही, काल आत होतं, आणि हत्तीकडे बघितलं. हत्ती नदीकडे बघत होता. इतक्या वर्षांच्या शेजारात मी त्याचं हे असं नदीकडे बघणं चांगलं ओळखतो.

"काय घातलंस आत?" मी ओरडलो.

"कुठं काय?"

"बाबा!" वरून मुलगी ओरडली. तिनं घर अलगद खाली टेकवलं. "बाबा, आत काय आहे?"

पलंगाच्या पोटात गाद्यांखाली पाळणा निघाला. सागवानी, भरीव, अख्ख्या ओंडक्यातून कोरलेला. निघायच्या आदल्या दिवशी मला चहाला पाठवून यानं तो हमालांकरवी आत सारला होता, आणि हमालही गप्प राहिले होते, हे त्यांचं मी कधी विसरणार नाही. बाहेर काढायला चौघे लागले. एक जण म्हणाला, "यात बाळ झोपवायचं की बांधायचं?" सगळे खो खो हसले. हत्ती एवढंसं तोंड करून उभा.

"नातीसाठी होता," तो म्हणाला. "एक तरी वस्तू तिला माझ्या हातची... तशी असावी म्हटलं."

मी वाकलो आणि पाळणा बाजूला सरकवायला हात दिला.

मुलगी पुन्हा चढली. दोर ताणला. घर पुन्हा सुटलं, हातभर, आणखी हातभर. मग ते वर गेलं, आणखी वर, माणसांच्या डोक्यांच्याही वर. तेवढं उचलायची काही गरज नव्हती, वजन केव्हाच दिसलं असणार. पण ती उचलत राहिली. आमच्या पोरीनं स्वतःचं घर आभाळात धरलं होतं आणि ते तसूभरही हलत नव्हतं. मग केबिनची खिडकी उघडली आणि तिनं ओरडून सांगितलं, "दोन टन नऊशे सत्तर!"

काय आरडाओरडा झाला! हेल्मेटवाल्यानं हेल्मेट हवेत उडवलं, आता बोला. मला तो एकदम भावासारखा वाटला. इंजिनियरबाई टाळ्या वाजवत होत्या. जावई, जो लग्नापासून सासऱ्यापुढे तोंड उघडत नव्हता, त्यानं हत्तीला कवेत घेऊन उचललं आणि गोल फिरवलं. हत्ती ओरडत होता, "खाली ठेवा, जावईबुवा, खाली ठेवा!" आणि जावई म्हणाला, "तुम्ही तर कापसासारखे आहात हो!"

घर पुलावरून गेलं. टेम्पो मीच चालवला, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. पूल जरासा वाकला, पाणी खाली धावत होतं, आणि माझ्या मागे ते घर पाळीव जनावरासारखं शांतपणे येत होतं. बेटावर जागा आखून ठेवली होती. चाकांना अडण्या लावल्या, जावयानं वीज जोडली, वहिनीनं खिडक्या उघडल्या आणि नदीचा वारा वेताच्या दारांतून आरपार गेला.

हत्ती मात्र पलीकडच्या काठावर पाळण्यापाशीच बसून राहिला होता. मी रिकामा टेम्पो घेऊन परत गेलो. तो म्हणाला, "हा राहू दे. घरी नेऊ परत."

आता मात्र माझा राग उफाळून आला. "अरे शहाण्या," मी म्हटलं, "एका खेपेला तीन टन. दुसरी खेप करायची नाही असं कुणी सांगितलंय? चढव!"

त्यानं माझ्याकडे असं बघितलं की मला उगीच टेम्पोचे टायर तपासावे लागले. चौघांनी पाळणा चढवला, कण्हत, शिव्या देत, आणि हत्ती त्यांच्या भोवती नाचत होता, "सांभाळून, सांभाळून, बघितलंत ना, याला म्हणतात काम!" तोवर आभाळ भरून आलं होतं. नदीवरून जोराचा वारा सुटला. बेटावर पत्रे वाजायला लागले, घराच्या खिडकीचा पडदा फडफडला. बाळ घाबरून रडायला लागलं. आम्ही पाळणा आत ठेवला, वहिनीनं नातीला त्यात निजवलं, वारा घराला जरासा डोलवून गेला. पाळणा जागचा हलला नाही. पोर दोन हुंदके देऊन झोपली.

तेवढ्यात कामाचा भोंगा झाला. पाळी सुरू. खिडकीतून दिसत होतं, आमची पोरगी क्रेनची शिडी चढत होती, एका हातानं हेल्मेटचा पट्टा लावत. वर पोचल्यावर तिनं एकदा घराकडे बघितलं. जावयानं झोपलेल्या लेकीकडे बोट दाखवलं. ती काचेमागे बसली, आणि पहिला गर्डर उचलला.

हत्ती खिडकीत उभा होता. तो रडत होता, अगदी ढसाढसा, तोंड न लपवता, आणि मीही. वहिनी ओट्यापाशी चहा करत होती. ती म्हणाली, "रडून झालं की दोघं हात-पाय धुऊन घ्या. ती कामावर गेली आहे, परत आल्यावर तिला जेवायला लागेल."